विल्सन कॉलेज, विल्सन धरण, विल्सन पॉइंट, विल्सनचा आजार: कोणते नाव कोणावरून आणि सूचीत ते कसे लावायचे

प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्राच्या स्थानिक इतिहासावरच्या एका पुस्तकाची नामसूची करायची आहे आणि 'विल्सन' हे नाव पानोपानी येते आहे. कुठे विल्सन कॉलेज, कुठे भंडारदऱ्याचे विल्सन धरण, कुठे महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट, तर एखाद्या तळटीपेत नुसतेच 'विल्सन पाहा'. हे सगळे एकच गृहस्थ का? नसतील तर ओळखायचे कसे आणि सूचीत मांडायचे कसे?

आधी थेट उत्तर. कॉलेज एका विल्सनचे, धरण आणि पॉइंट दुसऱ्याचे, आणि तळटीपेतला विल्सन बहुधा तिसरा. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. विल्सन हे ब्रिटन-अमेरिकेतल्या अतिशय प्रचलित आडनावांपैकी एक आहे, त्यामुळे आडनाव जुळले म्हणून नाते किंवा ओळख गृहीत धरायची सोय नाही. सूची करणाऱ्याने आडनाव बाजूला ठेवून दोनच गोष्टी शोधायच्या: हे नाव कोणत्या साली दिले गेले, आणि देणारा कोण होता. एवढे कळले की बहुतेक विल्सन आपोआप वेगळे होतात.

पहिले जॉन विल्सन. जन्म १८०४, स्कॉटलंडमधले लॉडर गाव. १८२९ साली पत्नी मार्गारेटसह मिशनरी म्हणून मुंबईत आले आणि १८७५ साली मुंबईतच वारले. १८३२ साली त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. गिरगाव चौपाटीसमोरची आजची इमारत १८८९ची, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरची. इथे सालांची गफलत हमखास होते. कोणी कॉलेजची स्थापना १८८९ लिहितो, कोणी इमारत १८३२ची म्हणतो. सूचीत साल द्यायचेच असेल तर 'स्थापना १८३२' आणि 'इमारत १८८९' असे दोन्ही शब्द लिहून द्या. नुसता आकडा ठेवू नका.

मराठी पुस्तकात जॉन विल्सन कॉलेजखेरीज आणखी दोन-तीन वाटांनी येतात. १८३१च्या सुमारास मोरभट दांडेकरांशी झालेला त्यांचा धर्मविषयक वाद मराठी मुद्रणाच्या आणि प्रबोधनाच्या इतिहासात येतो. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी केलेल्या धर्मांतराच्या खळबळजनक प्रकरणात ते आहेत. पारशी धर्मावर त्यांनी १८४३ साली मोठा ग्रंथ लिहिला, त्यामुळे प्राच्यविद्येच्या प्रकरणातही त्यांचे नाव असते. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. म्हणजे एकच माणूस शिक्षण, धर्म आणि संशोधन अशा तीन प्रकरणांत विखुरलेला सापडेल. त्याच्या तीन नोंदी करू नका. एक मुख्य नोंद करून तिच्याखाली उपनोंदी द्या.

दुसरे लेस्ली ऑर्म विल्सन. जन्म १८७६, मृत्यू १९५५. रॉयल मरीन्समधले अधिकारी, नंतर हुजूर पक्षाचे खासदार आणि मुख्य प्रतोद, डिसेंबर १९२३ ते डिसेंबर १९२८ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, आणि पुढे १९३२ ते १९४६ ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे गव्हर्नर. महाराष्ट्राच्या नकाशावरचा 'विल्सन' बहुतेक वेळा हाच. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १० डिसेंबर १९२६ला त्याचे उद्घाटन लेस्ली विल्सन यांच्याच हस्ते झाले. महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा, १,४३० मीटरांहून अधिक उंचीचा, जुन्या काळी सिंदोळा म्हणून ओळखला जाई. त्याला विल्सन पॉइंट हे नाव मिळाले ते याच गव्हर्नरांवरून. महाबळेश्वर हे मुंबई सरकारचे उन्हाळी ठाणे असल्यामुळे तिथल्या नावांत गव्हर्नर आणि त्यांच्या घरच्या माणसांची गर्दी आहे. केट्स पॉइंटमधली केट म्हणजे सर जॉन माल्कम यांची मुलगी.

तारखेची कसोटी कशी चालते ते इथे नीट दिसते. समजा लेखकाने १८८५च्या सातारा गॅझेटिअरचा हवाला देऊन 'विल्सन पॉइंट' असे लिहिले आहे. त्या वर्षी लेस्ली विल्सन आठ-नऊ वर्षांचे होते. त्यामुळे एकतर मूळ नोंदीत सिंदोळा असे असणार आणि लेखकाने आजचे नाव घातले असणार, नाहीतर हवाला दुसऱ्या कुठल्या ग्रंथाचा असणार. सूचीकाराने मजकूर बदलायचा नसतो, पण लेखकाला खूण करून विचारायचे असते. सूचीत मात्र 'सिंदोळा: विल्सन पॉइंट पाहा' ही उलटी नोंद द्यावीच. जुनी साधने वाचणारा माणूस सिंदोळ्याखालीच शोधतो.

याच गव्हर्नरांचे तिसरे ठिकाण महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर, पण अगदी लागून आहे: गुजरातमधल्या वलसाड जिल्ह्यात धरमपूरजवळच्या विल्सन हिल्स. धरमपूर संस्थानचे राजे विजयदेवजी यांनी गव्हर्नरांच्या सन्मानार्थ हे नाव दिले. म्हणजे नाव देणारा इथे वेगळा, एक संस्थानिक, व्यक्ती तीच. प्रवासवर्णनांत हिला सर्रास 'लॉर्ड विल्सन यांची टेकडी' म्हणतात. ते चुकीचे आहे. लेस्ली विल्सन 'सर' होते, लॉर्ड कधीच झाले नाहीत. 'लॉर्ड विल्सन' म्हणजे ब्रिटनचे माजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन, ज्यांना १९८३ साली उमरावपद मिळाले. मराठीत गव्हर्नर म्हटला की त्याला लॉर्ड करून टाकायची सवय आहे, आणि सूचीत तीच पदवी गेली की वाचक थेट चुकीच्या विल्सनकडे जातो.

भंडारदऱ्याशी जोडलेला आणखी एक फसवा शब्द. धरणामागच्या जलाशयाला 'लेक आर्थर हिल' म्हणतात, बोलताना नुसते 'आर्थर लेक'. यातला 'हिल' हे आडनाव आहे: १९०३च्या सुमारास ही जागा हेरणारे अभियंता आर्थर हिल. पण धरमपूरच्या 'विल्सन हिल्स'मधले 'हिल्स' म्हणजे खरोखरच टेकड्या. दोन्ही नावे एका प्रकरणात आली की कोणीतरी जलाशयाचे 'आर्थर टेकडी तलाव' करून ठेवतो. असे भाषांतर दिसले तर ती चूकच समजा.

'आर्थर'चेही विल्सनसारखेच आहे, म्हणून जाता जाता तेही पाहून घ्या. महाबळेश्वरच्या आर्थर्स सीटमधले आर्थर म्हणजे आर्थर मॅलेट, भंडारदऱ्याचे आर्थर हिल, आणि क्रॉफर्ड मार्केटवाले क्रॉफर्ड यांचेही पहिले नाव आर्थरच. मुंबईतला आर्थर रोड मात्र १८४२ ते १८४६ गव्हर्नर असलेल्या सर जॉर्ज आर्थर यांच्यावरून. तीन ठिकाणी आर्थर हे पहिले नाव आणि एका ठिकाणी आडनाव. सूचीत पहिले तिघे अनुक्रमे मॅलेट, हिल आणि क्रॉफर्ड यांच्याखाली जातील. 'आर्थर, सर जॉर्ज' एवढीच नोंद आर्थरखाली येईल.

गव्हर्नरांच्या बाबतीत 'उद्घाटनाच्या दिवशी जो गव्हर्नर, त्याचे नाव' असा सोपा नियम करून टाकू नका. सिंधमधल्या सक्करचे लॉइड बॅरेज १९२३ साली सुरू झाले आणि १९३२ साली खुले झाले. तोवर सर जॉर्ज लॉइड यांना मुंबई सोडून आठ वर्षे झाली होती. नाव तरी त्यांचेच. भंडारदऱ्याला हा नियम लागू पडतो, सक्करला पडत नाही. याहून मोठा खड्डा एल्फिन्स्टन या नावाचा आहे. एल्फिन्स्टन कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे, जे १८१९ ते १८२७ गव्हर्नर होते. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, जे २०१८ साली प्रभादेवी झाले, ते त्यांचे पुतणे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांचे. तेही १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर. तेच आडनाव, तेच पद, तेच शहर. इथे 'मुंबईचे गव्हर्नर' ही ओळख अपुरी पडते, म्हणून कंसात कारकिर्दीची वर्षे लिहावीच लागतात. विल्सनांच्या बाबतीत नशीब म्हणायचे की मुंबईला त्या नावाचा एकच गव्हर्नर मिळाला.

आता तळटीपेतला विल्सन. एकोणिसाव्या शतकातल्या महसुलावर, वतनांवर किंवा संस्कृत वाङ्मयावर प्रकरण असेल आणि तळटीपेत नुसते 'विल्सन' असेल, तर ते प्रायः होरेस हेमन विल्सन. जन्म १७८६, मृत्यू १८६०. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर म्हणून १८०८ साली कलकत्त्याला आले, १८१३ साली 'मेघदूता'चे इंग्रजी रूपांतर, १८१९ साली संस्कृत-इंग्रजी कोश, १८३२ साली ऑक्सफर्डला संस्कृतचे बोडेन प्राध्यापक म्हणून निवड, १८४० साली विष्णुपुराणाचे भाषांतर. महाराष्ट्राच्या अभ्यासकाला ते भेटतात ते १८५५च्या न्यायालयीन व महसुली संज्ञांच्या कोशामुळे, ज्यात मराठी संज्ञाही आहेत. मिरासदार, पाटील, बलुते अशा शब्दांवर 'विल्सन'चा दाखला असेल तर तो या कोशाचा, जॉन विल्सन यांचा नव्हे.

घोळ याच दोघांत सर्वांत जास्त होतो आणि त्याला कारण आहे. दोघे समकालीन, दोघेही प्राच्यविद्येचे अभ्यासक, दोघांनाही जुने लेखक 'डॉ. विल्सन' म्हणतात, आणि १८३२ हे साल दोघांच्याही चरित्रात ठळक. वेगळे करायच्या खुणा: मुंबई, पारशी, मिशन, जाती या विषयांत जॉन, कलकत्ता, ऑक्सफर्ड, पुराणे, ऋग्वेद, नाटके, कोश या विषयांत होरेस. मजकुरात 'प्रोफेसर विल्सन' असेल तर होरेस. १८६० नंतरची एखादी घटना असेल तर होरेस बाद. तरीही ठरत नसेल तर ज्या ग्रंथाचा उल्लेख आहे त्याचे मुखपृष्ठ पाहावे. आद्याक्षरे तिथे मिळतातच.

१८६० सालीच आणखी एक विल्सन वारले, हे मात्र भारतात; त्यांनाही नोंदीत जागा ठेवा: जेम्स विल्सन, व्हाइसरॉयच्या मंडळाचे पहिले अर्थ सदस्य. १८४३ साली 'द इकॉनॉमिस्ट' सुरू करणारे आणि १८५३ साली चार्टर्ड बँकेच्या स्थापनेमागे असणारे हेच. भारतात ते जेमतेम वर्षभरही नव्हते, पण १८६०चा अर्थसंकल्प आणि त्याच वर्षीचा प्राप्तिकर त्यांच्या नावावर आहे. ११ ऑगस्ट १८६०ला कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. प्राप्तिकराच्या विरोधावरचा मजकूर असेल तर 'मि. विल्सन' म्हणजे हे.

आणि टिळकांच्या प्रकरणात 'विल्सन' आला तर तो अमेरिकेचा अध्यक्ष. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी इंग्लंडला गेलेल्या टिळकांनी १९१९च्या सुरुवातीस भारताच्या स्वयंनिर्णयासाठी वुड्रो विल्सन यांना पत्र पाठवले होते. त्या वर्षीचा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर अजून लेस्ली नव्हता, त्यामुळे इथे गोंधळाचे कारण नाही. तरी यांत्रिक शोधातून काढलेल्या सूचीत हे पान गव्हर्नरांच्या नोंदीखाली जाऊन बसते. संगणक फक्त अक्षरे जुळवतो. प्रत्येक पान उघडून दोन ओळी वाचल्याशिवाय पृष्ठांक लावू नयेत.

आता बाहेरच्या जगाकडे, कारण इंटरनेटवर पडताळणी करताना परदेशी विल्सन आपल्या विल्सनमध्ये मिसळतात. सर्वांत त्रासदायक जोडी धरणांची. अमेरिकेत अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर विल्सन धरण आहे, वुड्रो विल्सन यांच्या नावाचे, १९१८ साली सुरू होऊन १९२४ साली पुरे झालेले. भंडारदरा १९२६चे. म्हणजे साल, नाव आणि बांधकामाचा काळ तिन्ही जवळजवळ. फरक मापांत आहे: भंडारदरा सुमारे ८२ मीटर म्हणजे २७० फूट उंच आणि ५०७ मीटर लांब, अलाबामाचे फक्त ४२ मीटर म्हणजे १३७ फूट उंच, पण १,३८४ मीटर लांब. आपले डोंगरांच्या कुशीतल्या खोऱ्यातले, तिकडचे रुंद नदीवरचे. लेखात '१३७ फूट उंचीचे भंडारदरा' असे वाचले तर आकडा कुठून उचलला हे लगेच कळते. तिथल्या जलाशयाचे नाव विल्सन लेक आहे, आपल्या जलाशयाचे आर्थर लेक, त्यामुळे 'विल्सन लेक, भंडारदरा' ही नोंदही त्याच मिश्रणातून आलेली असते.

कॉलेजचीही जोडी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या चेंबर्सबर्ग इथले विल्सन कॉलेज १८६९ साली स्थापन झाले, देणगीदार सॅरा विल्सन यांच्या नावाने, आणि प्रदीर्घ काळ ते महिलांचे कॉलेज होते. 'विल्सन कॉलेजची माजी विद्यार्थिनी' असा उल्लेख परदेशी साधनात आला तर आधी शहर तपासा.

माउंट विल्सनचे उदाहरण तारखेच्या कसोटीसाठी मला फार आवडते. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळच्या या डोंगरावर जॉर्ज हेल यांनी १९०४ साली वेधशाळा उभारली. तिथली १०० इंची दुर्बीण १९१७ची, आणि खगोलशास्त्रज्ञ हबल यांचे आकाशगंगांवरचे काम तिच्यावरचे. वुड्रो विल्सन १९१३ ते १९२१ अध्यक्ष होते, दुर्बीण त्यांच्या काळात बसली, म्हणून डोंगर त्यांच्याच नावाचा असणार असे बरेच जण धरून चालतात. पण वेधशाळेचे नाव १९०४चे आणि डोंगराचे त्याहून जुने. ते बेंजामिन डेव्हिस विल्सन यांच्यावरून आहे. लॉस एंजेलिसचे एके काळचे महापौर आणि मोठे मळेवाले, ज्यांनी १८६४ साली लाकडासाठी या डोंगरावर वाट पाडली. कोलोरॅडोत आणखी एक माउंट विल्सन आहे, १४,००० फुटांहून उंच, हेडन सर्वेक्षणातले नकाशाकार ए. डी. विल्सन यांच्या नावाचा. वेधशाळा तिथे नाही. मराठी विज्ञानलेखात डोंगराची उंची ४,००० मीटरांवर दिली असेल तर ती कोलोरॅडोची; वेधशाळेचा डोंगर साधारण १,७४० मीटरांचा आहे.

विज्ञानात आडनावापाठोपाठ पहिले नावही जुळायला लागते. तिथे मधल्या आद्याक्षरावाचून गत्यंतर नाही. रॉबर्ट विल्सन तीन घ्या. रॉबर्ट डब्ल्यू. विल्सन यांना विश्वाच्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणासाठी पेन्झियास यांच्याबरोबर १९७८चे भौतिकीचे नोबेल. रॉबर्ट बी. विल्सन यांना लिलावांच्या सिद्धान्तासाठी मिलग्रोम यांच्याबरोबर २०२०चे अर्थशास्त्राचे. आणि रॉबर्ट आर. विल्सन यांना नोबेल नाही, पण फर्मिलॅब या अमेरिकेतल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक; तिथली विल्सन हॉल ही इमारत त्यांची, आणि कर्करोगावर प्रोटॉनचे उपचार करता येतील ही कल्पना १९४६ साली मांडणारेही तेच. पहिल्या रॉबर्टचे मधले नाव 'वुड्रो' आहे. त्यामुळे 'वुड्रो विल्सन, नोबेल' एवढ्यावर शोधले की शांततेचे १९१९चे आणि भौतिकीचे १९७८चे अशी दोन्ही उत्तरे येतात. भौतिकीतच आणखी दोन नोबेल विल्सनांची आहेत: क्लाउड चेंबरसाठी सी. टी. आर. विल्सन, १९२७, अवस्थांतराच्या सिद्धान्तासाठी केनेथ विल्सन, १९८२. 'विल्सन चेंबर' पहिल्यांचे, 'विल्सन लूप' दुसऱ्यांचे.

'विल्सनचे प्रमेय' मात्र यांपैकी कोणाचेच नाही. मूळसंख्या प घेतली तर (प−१)! + १ ला प ने पूर्ण भाग जातो; ७ साठी ७२० + १ = ७२१ = ७ × १०३. नाव केंब्रिजच्या जॉन विल्सन यांचे, १७४१ ते १७९३, जे पुढे न्यायाधीश झाले. गणिती वेअरिंग यांनी ते १७७० साली छापले, सिद्धता गणिती लाग्रांज यांनी १७७१ साली दिली. म्हणजे सूचीत दोन 'विल्सन, जॉन' येतात, आणि दोघांचाही गणिताच्या किंवा शिक्षणाच्या पानावर उल्लेख होऊ शकतो. अशा वेळी जन्म-मृत्यूची सालेच कामाची. व्यवस्थापनाच्या पुस्तकातले मालसाठ्याचे 'विल्सन सूत्र' आर. एच. विल्सन यांच्या नावावर चालते, पण ते मुळात फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडले होते. सूचीत दोन्हीकडून पोहोचता आले पाहिजे.

वैद्यकात सावधगिरी जास्त हवी, कारण तिथे चुकीचा विल्सन धोक्याचा ठरतो. 'विल्सनचा आजार' म्हणजे यकृतात आणि मेंदूत तांबे साठण्याचा आनुवंशिक विकार, ज्याचे वर्णन सॅम्युएल अलेक्झांडर किनिअर विल्सन यांनी १९१२ साली केले. तो रक्त-लघवीच्या तपासणीने, डोळ्यांतल्या कड्याने आणि जनुकीय चाचणीने ओळखता येतो, आणि त्यावर औषधे आहेत. 'विल्सन सिंड्रोम' ही दुसरीच गोष्ट: थायरॉइडच्या तपासण्या बरोबर येत असूनही थायरॉइड कमी आहे असे मानणारी, फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने १९९०च्या सुमारास पुढे आणलेली कल्पना. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने ती मान्य केलेली नाही. आरोग्यविषयक मराठी लेखांत 'आजार', 'विकार', 'सिंड्रोम' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि तिथेच दोन्ही एकत्र होतात. नोंद 'विल्सनचा आजार (तांब्याचा विकार)' अशीच करा. डॉक्टरांचे नाव काही याद्यांत 'किनिअर विल्सन' असे जोडआडनाव म्हणून 'क'खाली सापडते. एक नोंद मुख्य ठेवून दुसरीकडून 'पाहा' द्या.

पक्ष्यांची नावे वेगळ्याच कारणाने हलती आहेत. कोकणच्या समुद्रात पावसाळ्याच्या सुमारास दिसणारा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल, शिवाय अमेरिकेतले विल्सनचे वॉर्बलर, प्लोव्हर, स्नाइप हे सगळे अलेक्झांडर विल्सन यांचे: जन्म १७६६ स्कॉटलंडमधल्या पेझलीत, मृत्यू १८१३ फिलाडेल्फियात, अमेरिकेच्या पक्ष्यांवरच्या नऊ खंडांचे कर्ते. इंडोनेशियातला विल्सनचा स्वर्गीय पक्षी मात्र एडवर्ड विल्सन यांचा. आणि हे एडवर्ड म्हणजे ध्रुवसंशोधक स्कॉटबरोबर १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेले एडवर्ड विल्सन नव्हेत. पक्ष्याचे नाव त्यांच्या जन्माआधीचे आहे. अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यक्तींवरून दिलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलायचे ठरवल्यामुळे अमेरिकेतली काही नावे पुढे जातील. पक्ष्याच्या नोंदीला शास्त्रीय नाव जोडा, म्हणजे प्रचलित नाव बदलले तरी नोंद टिकेल; स्टॉर्म पेट्रेलचे 'ओशनाइट्स ओशनिकस' आहे. वनस्पतींत 'विल्सोनाय' हे जातिनाम दिसले आणि झाड चीनचे असेल तर ते बहुधा अर्नेस्ट हेन्री विल्सन यांचे, जन्म १८७६, म्हणजे गव्हर्नरांच्याच वर्षी.

आता प्रत्यक्ष मांडणी. व्यक्ती आधी, मग त्या आडनावाची ठिकाणे आणि वस्तू. नमुना असा:

विल्सन, जॉन (१७४१–१७९३, न्यायाधीश व गणिती)
विल्सन, जॉन (१८०४–१८७५, मिशनरी, मुंबई). विल्सन कॉलेजही पाहा
विल्सन, लेस्ली (१८७६–१९५५, मुंबईचे गव्हर्नर १९२३–२८). विल्सन धरण, विल्सन पॉइंट, विल्सन हिल्स ही पाहा
विल्सन, होरेस हेमन (१७८६–१८६०, संस्कृतज्ञ व कोशकार)
विल्सन कॉलेज, मुंबई
विल्सन धरण, भंडारदरा (प्रवरा)
विल्सन पॉइंट, महाबळेश्वर, पूर्वी सिंदोळा
विल्सन हिल्स, धरमपूर

कंसातली ओळख चार-पाच शब्दांपुढे नेऊ नका आणि 'थोर', 'प्रसिद्ध' असले शब्द तिथे नकोत. त्यांनी काहीच वेगळे होत नाही. ठिकाणाच्या नोंदीत गाव हवेच. नुसते 'विल्सन धरण' ही निम्मी नोंद.

संगणकावर क्रम लावताना चार गोष्टी बिघडतात. एक, युनिकोडच्या क्रमांकानुसार मोकळी जागा स्वल्पविरामाच्या आधी येते, म्हणून साध्या क्रमवारीत 'विल्सन कॉलेज' हे 'विल्सन, जॉन'च्या वर जाते. व्यक्ती वर हव्या असतील तर दोन गट वेगळे लावून जोडावे लागतात. दोन, 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये 'ह'च्याही पुढे आहे. 'ॲडम' लिहिले तर कच्च्या क्रमवारीत ते 'होरेस'च्या खाली पडते, आणि 'अ'वर चंद्र देऊन 'अॅडम' लिहिले तर 'अ'मध्ये राहते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. सूचीभर एकच पद्धत ठेवा आणि शेवटी यादीचे टोक हाताने तपासा. तीन, 'ल्' चा पाय मोडका दाखवण्यासाठी टंकणाऱ्याने मध्ये अदृश्य चिन्ह घातले असेल तर 'विल्‌सन' आणि 'विल्सन' ही संगणकाला दोन वेगळी नावे वाटतात. शोधात अर्धी पाने गळतात. आधी अदृश्य चिन्हे काढून टाका, मग शोधा. चार, 'विलसन' आणि 'विल्सन्' ही जुनी रूपेही शोधात घाला. विभक्तीची चिंता नको. 'विल्सनने', 'विल्सनसाहेबांनी' ही रूपे 'विल्सन' शोधले की येतातच.

राहिला प्रश्न जिथे विल्सन हे आडनावच नाही तिथला. पुण्यात जन्मलेले बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स, १९५८ आणि १९६४चे हौशी जागतिक विजेते, 'जोन्स, विल्सन' असेच लागतील. सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेजवाडा विल्सन, ज्यांना २०१६चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांच्या नावात 'बेजवाडा' पुढे आणि 'विल्सन' मागे असा दक्षिणेतला क्रम आहे. मराठी वाचक मात्र शेवटचा शब्द आडनाव समजून 'व'मध्ये शोधतो. मुख्य नोंद 'बेजवाडा विल्सन' अशी स्वल्पविरामाविना 'ब'मध्ये द्यावी आणि विल्सनांच्या यादीत फक्त 'विल्सन, बेजवाडा: बेजवाडा विल्सन पाहा' एवढी ओळ ठेवावी, पृष्ठांक न देता.